समसंबंध, प्रिन्स्टन आणि मंगरूळपीर

डॉक्टर : दवाखाना :: शिक्षक : ?

ज्याने कधीकाळी चौथीची स्कॉलरशिप दिली आहे, त्याला ही ओळ लगेच ओळखीची वाटेल. बुद्धिमत्ता चाचणीच्या पेपरात याला 'समसंबंध' म्हणायचे. पहिल्या दोन शब्दांत जे नातं आहे तेच पुढच्या दोघांत जुळवायचं. मी ही परीक्षा २००७ साली मंगरूळपीरला दिली. (नकाशावर सापडत नसेल तर : कारंज्याहून वाशीमला जाताना लागतं. दादा हयात कलंदरांच्या दर्ग्यामुळे नावात 'पीर' आहे. रेल्वे नाही.) समसंबंध हा आमचा सगळ्यांचा आवडता प्रकार होता, कारण त्यात गुणाकार करावा लागत नसे.

आता हाच प्रकार इंग्रजीत बघा. रनर : मॅरेथॉन :: ओर्समन : ? उत्तर आहे रेगाटा. धावणारा जसा मॅरेथॉनमध्ये भाग घेतो, तसा वल्हवणारा रेगाटामध्ये. अमेरिकेतल्या एसएटी परीक्षेतला हा प्रश्न पुढे फार गाजला, म्हणजे बदनाम झाला. होड्यांच्या शर्यतीला रेगाटा म्हणतात हे कुणाला माहीत असणार? ज्याच्या घरी होडी आहे, किंवा निदान होडीवाल्या लोकांमध्ये ऊठबस आहे त्याला. कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातल्या माणसाने रेगाटाची कल्पना कशाच्या जोरावर करायची?

तर मंडळी, आजचा विषय हा. एमबीएच्या प्रवेश परीक्षांमध्ये 'व्हर्बल' नावाचा विभाग असतो, त्यातले प्रश्न आले कुठून आणि गेले कुठे. निमित्त माझा मामेभाऊ. तो मंगरूळपीरलाच असतो, बी.कॉम. झालाय, आणि कॅट व सीईटी दोन्हींची तयारी करतोय. मी २०१९ ला कॅट दिली होती, मग नोकरीत रमलो. पण घरात एवढाच 'अनुभवी' माणूस असल्यामुळे दर शनिवारी त्याच्या अडलेल्या प्रश्नांचे फोटो मला पुण्यात येतात. ते सोडवता सोडवता मी या प्रश्नांच्या इतिहासात शिरलो आणि तिकडेच अडकलो.

सुरुवात पॅरिसमध्ये होते. १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी शाळेत मागे पडणारी मुलं ओळखण्यासाठी एक चाचणी तयार केली. हेतू साधा होता, कुणाला जास्तीची मदत लागेल ते कळावं. ही चाचणी आपल्याकडे आली ती धारवाडमार्गे. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेच्या चाचणीचं मराठी आणि कानडी मुलांसाठी रूपांतर केलं आणि १९४० साली त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्याला आजही बिने-कामत चाचणी म्हणतात. नुसतं भाषांतर करून भागत नाही, इथल्या मुलांना काय ठाऊक असतं ते बघून प्रश्न बदलावे लागतात, हे अशा रूपांतरात आलंच. धारवाडच्या मुलाला रेगाटा विचारून कळणार काय, तर त्याच्या बापाकडे होडी नाही एवढंच.

अमेरिकेत मात्र गाडी वेगळ्या रुळावर गेली. पहिल्या महायुद्धात तिथल्या सैन्यभरतीत लाखो लोकांच्या बुद्धिमत्ता चाचण्या घेतल्या गेल्या. इंग्रजी वाचता येणाऱ्यांसाठी 'अल्फा' आणि न येणाऱ्यांसाठी चित्रांची 'बीटा'. या आकड्यांवर प्रिन्स्टनच्या कार्ल ब्रिगम या तरुण मानसशास्त्रज्ञाने १९२३ साली पुस्तक लिहिलं. त्याला आकड्यांत एक गंमत दिसली होती. परदेशातून आलेल्या लोकांमध्ये जो अमेरिकेत जास्त वर्षं राहिला, त्याचे गुण जास्त. आता तुम्ही-आम्ही काय म्हणू? वीस वर्षं राहिला, भाषा शिकला, तिथल्या गोष्टी कळायला लागल्या, गुण वाढले. ब्रिगमने काय अर्थ काढावा? की पूर्वी येणारे लोक उत्तर युरोपातले, चांगल्या वंशाचे होते आणि नंतर येणारे कमी प्रतीचे! डेटा समोर असताना माणूस आधीच ठरवलेलं उत्तर कसं शोधून काढतो याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. (आमच्या धंद्यातही रोज घडतं, पण तिथे फक्त सर्व्हर पडतो.)

याच ब्रिगमने पुढे एसएटी बनवली. २३ जून १९२६ रोजी ती पहिल्यांदा झाली. आठ हजारांच्या वर मुलं बसली होती. ९७ मिनिटांत ३१५ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला वीस सेकंदही नाहीत. त्यात व्याख्या होत्या, विरुद्धार्थी शब्द होते, समसंबंध होते, वर्गीकरण होतं, अंकमालिका होती, उतारा होता. यादी वाचल्यावर मला चौथीचं बुद्धिमत्तेचं पुस्तकच आठवलं. आणि त्यात एक फार छान भाग होता, 'कृत्रिम भाषा'. एक खोटी भाषा, तिचे चार नियम आणि थोडे शब्द द्यायचे, आणि लगेच त्या भाषेत भाषांतर करायला सांगायचं. ती भाषा कुणाच्याच आईची नाही! होडीवाला आणि बैलगाडीवाला एकाच ओळीत उभे. व्हर्बलच्या शंभर वर्षांत मंगरूळपीरच्या पोराला सर्वांत न्याय देणारा प्रश्नप्रकार कुठला असेल तर हा, असं माझं मत आहे. तो टिकला नाही.

ब्रिगमबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. १९३० साली त्याने स्वतःचंच १९२३ चं पुस्तक जाहीरपणे मोडीत काढलं. वेगवेगळ्या भाषेच्या लोकांची अशा चाचण्यांवरून तुलना करता येत नाही असं त्याने लिहिलं. माणूस म्हणून त्याला याचे गुण द्यायला हवेत. पण परीक्षा तोवर चालू लागली होती, आणि चालू लागलेली परीक्षा कुणाच्या कबुलीने थांबत नसते.

१९४७ साली प्रिन्स्टनमध्ये ईटीएस ही परीक्षा घेणारी संस्था उभी राहिली. १९५३ मध्ये हार्वर्ड, कोलंबिया, शिकागो वगैरे नऊ बिझनेस स्कूल्स तिच्याकडे गेली आणि आम्हालाही अशी एक परीक्षा करून द्या म्हणाली. १९५४ मध्ये ती पहिल्यांदा झाली. तेव्हाचं नाव लांबलचक होतं, 'अ‍ॅडमिशन टेस्ट फॉर ग्रॅज्युएट स्टडी इन बिझनेस'. पहिल्यांदा साधारण १,३०० लोकांनी दिली. १९७६ ला तिचं नाव जीमॅट झालं. आपल्याकडे कलकत्ता आणि अहमदाबादची आयआयएम १९६१ ची, आणि पुढे आयआयएमची सामायिक परीक्षा म्हणून कॅट आली. मुंबई विद्यापीठाने १९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या मदतीने जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट काढली. बजाज म्हणजे आमच्या वर्ध्याचेच, पण त्यांच्या नावाची संस्था निघाली मुंबईत चर्चगेटला. असो.

इथपर्यंत सरळ आहे. आता मला खरं जे म्हणायचंय त्याकडे येतो.

मराठी माणूस इंग्रजीत शिरला तो नियमांच्या दारातून. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं ते इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर, आणि तेव्हापासून आपल्याला भाषा म्हणजे व्याकरण ही सवय लागली. तर्खडकर भाषांतर पाठमालेवर तर कित्येक पिढ्या पोसल्या. एक नियम, दहा वाक्यं, भाषांतर करा. पुढचा धडा. मग आलं रेन अँड मार्टिन. यातला रेन म्हणजे पी. सी. रेन, हा मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होता, आणि त्यानेच पुढे 'बो जेस्ट' ही फ्रेंच परदेशी पलटणीवरची धमाल कादंबरी लिहिली. तिसरं पुस्तक नॉर्मन लुइसचं 'वर्ड पॉवर मेड ईझी', १९४९ चं. लॅटिन-ग्रीक धातू पकडायचे आणि शब्दांची झाडं पाठ करायची. संस्कृत सुभाषितं आणि रूपं पाठ केलेल्या माणसाला हे मुळीच जड जात नाही.

या तिन्ही पुस्तकांत एक गोष्ट समान आहे. ही एकट्याने, कंदिलाखाली, कुणी इंग्रजी बोलणारं आसपास नसताना करता येतात. मेहनत घातली की गुण बाहेर येतात, आणि किती घातली तर किती येतील याचा अंदाजही बांधता येतो. माझ्या वडिलांच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० साली ते पहिलीपासून झालं, म्हणून मला पहिलीत ए-बी-सी-डी भेटली. पण गावात इंग्रजी पेपर हवा असेल तर स्टॉलवाल्याला सांगून ठेवावं लागायचं, आणि तो दुपारच्या बसने यायचा. लोकमत आणि देशोन्नती मात्र सकाळी सहाला दारात.

आता जुन्या व्हर्बलमधला एक प्रकार बघा, जीमॅटचा लाडका, वाक्य सुधारणे. मराठीत आपण म्हणतो : शाळेत जाताना पाऊस आला. उत्तम वाक्य. पाऊस दप्तर घेऊन शाळेत चालला होता असं जगातल्या कुठल्याही मराठी माणसाला वाटत नाही. पण हेच इंग्रजीत 'गोइंग टु स्कूल, द रेन स्टार्टेड' असं केलं की जीमॅटवाला शिट्टी वाजवतो. इंग्रजीत अशा तुकड्याच्या स्वल्पविरामानंतर लगेच जो कर्ता येईल, तोच शाळेत जात असला पाहिजे. म्हणजे आपली आईची भाषा आपल्याला इथे बरोबर उलट सवय लावून बसली आहे. तरीही हा प्रकार मराठी मुलाला जमतो! कारण नियम सांगता येतो : स्वल्पविराम आला की थांब, पुढे कोण उभा आहे ते बघ. मामेभावाला मी हे एका शनिवारी सांगितलं, पुढच्या शनिवारी वीसपैकी सतरा बरोबर. 'अ', 'अ‍ॅन', 'द' तर मराठीत नाहीतच, तेही तो तक्ता करून शिकला.

आणि हेच प्रकार एकेक करून गेले.

२००१ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष रिचर्ड अ‍ॅटकिन्सन यांनी एका भाषणात सांगितलं की, आपण एका श्रीमंत खाजगी शाळेत गेलो होतो, तिथे बारा वर्षांची मुलं दर महिन्याला तासन् तास समसंबंधांचा सराव करताना पाहिली. एसएटी आम्हाला नको, असं ते म्हणाले. त्यांचं विद्यापीठ एवढं मोठं की परीक्षेलाच बदलावं लागलं. मार्च २००५ पासून एसएटीतून समसंबंध गेले. ऑगस्ट २०११ मध्ये जीआरईमधून समसंबंध आणि विरुद्धार्थी शब्द दोन्ही गेले. आपल्या कॅटमध्ये १९९० च्या दशकात शब्दार्थ, जोड्या, व्याकरण हे सगळं असायचं. २०१५ च्या नव्या स्वरूपात ३४ पैकी २४ प्रश्न उताऱ्यांवर आले आणि उरलेल्या दहांत परिच्छेदाचा क्रम लावा, सारांश निवडा, असले प्रकार. २०२१ पासून व्हर्बलचे २४ प्रश्न, त्यातले १६ उताऱ्यांवर, वेळ ४० मिनिटं. शेवटी नोव्हेंबर २०२३ मध्ये जीमॅटचं नवं रूप आलं आणि त्यातून वाक्य सुधारणेही गेलं. आता तिथे फक्त उतारे आणि युक्तिवादाचे प्रश्न उरलेत.

प्रत्येक वेळी दिलेलं कारण पटण्यासारखंच आहे. शब्दांच्या याद्या पाठ करून कुणी चांगला मॅनेजर होत नाही. व्याकरणाचे बारकावे हल्ली कॉम्प्युटर सांगतो. वाचलेलं समजतं का आणि विचार करता येतो का, ते तपासा. कोण नाही म्हणेल? पण अ‍ॅटकिन्सन यांनी पाहिलेली मुलं कोण होती? ज्यांच्या घरात रात्री जेवताना इंग्रजीत गप्पा होतात, ज्यांना दिवाणखान्यातल्या मासिकांतून लांबलचक निबंध आपोआप वाचायला मिळतात, ती. त्यांचे समसंबंधात गेलेले तास वायाच गेले म्हणायचे. मंगरूळपीरच्या मुलाचे तेच तास ही त्याच्याकडची एकमेव रोकड होती. बाजारातून ते नाणंच बंद केलं.

कॅटचा उतारा असतो साधारण पाचशे शब्दांचा. बरेचदा तो 'एऑन'सारख्या नियतकालिकातून उचललेला असतो. विषय काहीही : नकाशांचं राजकारण, ऑक्टोपसला जाणीव असते का, संग्रहालयांनी वस्तू परत कराव्यात का. मामेभावाने एकदा असाच उतारा पाठवला आणि खाली लिहिलं, "शब्द त सारे समजते ना दादा, पण तो मानूस म्हनते काय, थेच समजत नाही." यापेक्षा नेमकं निदान मला करता आलं नसतं. अडचण शब्दांची नाहीच. लेखक एक मत मांडतोय, मग दुसऱ्याचं मत सांगतोय, मग त्या दुसऱ्याला सभ्य भाषेत चिमटा काढतोय. प्रश्न येतो, लेखकाचा सूर कसा आहे? आता सूर ओळखण्यात आपण काही कमी नाही. आत्याने "या, या, लवकर आलात!" म्हटलं की दारातल्या लहान पोरालाही कळतं उशीर झालाय. टोमणा ओळखण्यात आमचा हात कोणी धरणार नाही. पण इंग्रजी टोमणा कसा ऐकू येतो त्याचा नियम रेन अँड मार्टिनमध्ये नाही. तो शेकडो निबंध वाचून कानात बसतो, आणि सहा महिन्यांत शेकडो निबंध वाचायचे कसे?

परिच्छेदाचा क्रम लावण्यातही हीच गंमत आहे. २०१५ पासून त्याला पर्याय देणं बंद झालं, क्रमांक स्वतः टाइप करायचा. मराठीत चार वाक्यं विस्कटून दिली तर 'तो', 'ती', 'ते' यांवरून अर्धं काम होतं, कारण 'ती' म्हटलं की मागे नदी, चळवळ किंवा कल्पना शोधायची, रस्ता शोधायचा नाही. इंग्रजीत सगळ्याला एकच 'इट'. ही खूण पुसट असल्यामुळे मग विचाराची चाल ओळखावी लागते, आणि पुन्हा गाडी येते वाचनाच्या सवयीवर.

एक प्रकार मात्र अपवाद आहे, आणि म्हणून मी हल्ली मामेभावाला त्यावर जास्त वेळ द्यायला लावतोय. युक्तिवादाचे प्रश्न. अमुक कंपनीने जाहिरात केली, विक्री वाढली, म्हणून जाहिरातीमुळे वाढली. यात गृहीत काय धरलंय? हे आपल्याकडे जुनं आहे. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे आग आहे, हे न्यायशास्त्रातलं अनुमान. त्यात धूर आणि आग यांना जोडणारी जी व्याप्ती, ती म्हणजेच जीमॅटचं गृहीतक. उलटं म्हटलं, आग आहे म्हणून धूर असेल, तर नैयायिक म्हणणार, थांबा, लाकूड ओलं असेल तरच. जीमॅटमध्ये युक्तिवाद कमकुवत करणारा पर्याय निवडा म्हणतात, तो म्हणजे हे ओलं लाकूड शोधणं. मामेभावाला हे धूर-आगीच्या भाषेत सांगितल्यावर पटकन कळलं. उताऱ्यात त्याचे दहापैकी चार बरोबर येतात, इथे सात. कारण पुन्हा तेच, याची रीत सांगता येते.

राहता राहिली आपली महाराष्ट्राची एमबीए सीईटी. पुण्या-मुंबईचे कोचिंगवाले तिला कॅटपुढे जरा हलकं समजतात. अडीच तासांत २०० प्रश्न, त्यातले ५० व्हर्बलचे, चुकीला गुण कापत नाहीत. आणि त्या पन्नासांत अजून समानार्थी शब्द असतात, वाक्यातली चूक शोधा असतं, म्हणी-वाक्प्रचार असतात, रिकाम्या जागा असतात, सोबत एखादा उतारा. परीक्षा म्हणून तिच्यावर टीका करायला भरपूर जागा आहे, नुसता वेग तपासते हा आक्षेप तर खराच. पण जमनालाल बजाजचा दरवाजा त्याच परीक्षेने उघडतो, आणि तो उघडताना तुमच्या घरी कुठलं मासिक येत होतं हे ती कॅटपेक्षा पुष्कळ कमी विचारते. जुन्या बाजाराचं ते नाणं इथे अजून चालतं.

२०१५ मध्ये नागपूरला आयआयएम आलं. शेलूबाजारजवळ समृद्धीला लागलं की मंगरूळपीरहून तीनेक तासांत पोचता येईल, म्हणजे अंतराचा प्रश्न जवळजवळ मिटला. मामाने तर एकदा कामाला जाताना गेटपर्यंत जाऊन फोटोही काढून आणला. उरला तो सोळा प्रश्नांचा. त्यासाठी आम्ही एक जुगाड केलाय. रोज एकच इंग्रजी निबंध, आणि तो वाचून झाला की त्याने मला लेखकाचं म्हणणं वऱ्हाडीत, दोन मिनिटांच्या व्हॉइस मेसेजमध्ये सांगायचं. भाषांतर करायचं नाही, पारावर कुणाला सांगावं तसं सांगायचं. आजवर ६३ झालेत. संग्रहालयांच्या वादावरचा मेसेज तर इतका फर्मास होता की मी तो ऑफिसात दोघांना ऐकवला. कॅट नोव्हेंबरमध्ये आहे, सीईटी त्यानंतर, आणि तो दोन्ही देणार आहे.